घरी रंगवलेली लोकर: अख्खी थंडी वापरल्यावर कुठला रंग टिकला

दिवाळीआधी पांढऱ्या लोकरीच्या लड्या घरीच रंगवल्या, त्यातून शाल, टोपी, लेकीचा स्वेटर विणला, थंडीभर रोज वापर झाला, धुणं झालं, ऊन लागलं, त्यामुळे आता खात्रीने लिहितेय.

कांद्याची सालं एक नंबर! भाजीवाल्या मावशी टोपलीच्या तळाची सालं पिशवीभर देतात. १०० ग्रॅम लोकरीला साधारण तेवढीच सुकी सालं, तासभर उकळून गाळायची. केशरी रंग येतो, धुताना सुटत नाही. उन्हाने मात्र थोडा तपकिरीकडे झुकलाय, स्वेटरच्या बाहीची दुमड उलगडली की आत मूळ केशरी दिसतो. मला दोन्ही आवडतात. डाळिंबाच्या सालींचा पिवळा त्याहून पक्का निघाला, सालीत टॅनिन, म्हणजे रंग धरून ठेवणारं तुरट द्रव्य, भरपूर असतं ना. त्याच पाण्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी किंचित घातलं की हिरवट राखाडी होतो, पण लोखंड जास्त झालं तर लोकर खरखरीत होते.

हळदीवर मेहनत घालवू नका. पहिल्या दिवशी काय झळाळी असते, पण टोपी खिडकीत राहिली ती बाजू पार फिकी. शिवाय साबण लागला की लाल डाग, हळदीत चुना घालून कुंकू करतात तोच प्रकार. बीटचं पाणी सुंदर गुलाबी, लोकरीवर दोन धुण्यांत मळकट पांढरं.

रंग लोकरीत पक्का धरायचं खरं काम तुरटीचं आहे, ती रंगवण्याआधी द्यायची. १०० ग्रॅम सुक्या लोकरीला १२ ते १५ ग्रॅम, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग भिजवलेली लोकर सोडायची, मंद आचेवर तासभर, उकळी फुटू द्यायची नाही आणि त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ द्यायची. गरमातून एकदम गार पाण्यात टाकली, वर ढवळली, की ती आटून घट्ट होते. भांडं वेगळंच ठेवा, स्वयंपाकाचं नको.

आणि दुकानात लोकर म्हणून मिळते ती बऱ्याचदा ॲक्रेलिक असते, तिच्यावर हे रंग बसत नाहीत. एक धागा जाळून बघा: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते, ॲक्रेलिक वितळून कडक गोळी होते. सुती धाग्याला तुरटीआधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावं लागतं.

धुवायला रिठा वापरते, सावलीत आडवं वाळवते. आता मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळं, आणून ठेवलीय.