बोटीच्या इंजिनाला आधी तेल: विजेचा पंप की दाबाची टाकी?

बोट आठवडेच्या आठवडे उभी राहते, तेवढ्या काळात इंजिनातलं तेल खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. मग किल्ली फिरवली की पहिले काही क्षण बेअरिंगांमधले दांडे तेलाच्या उरल्यासुरल्या थरावर फिरतात. इंजिनाचा स्वतःचा पंप फिरल्याशिवाय दाब देत नाही, आणि गोम तिथेच आहे.

विजेचा पंप संपमधून तेल ओढून थेट तेलवाहिन्यांत ढकलतो. गेजवर दाब दिसला की स्टार्टर मारायचा. महिनाभर उभ्या इंजिनाला हवा तितका वेळ तेल देता येतं. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारं चक्र) असेल तर इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ तेल फिरवून त्याचं बेअरिंग थंड करता येतं. जोडणी तशी केली तर तेल बदलताना जुनं तेलही हाच उपसतो. अरुंद इंजिनखोलीत ज्याने हात खरचटून घेतलेत त्यालाच याची किंमत कळेल! मात्र बॅटरी दमलेली असेल तर सगळंच अडतं.

दाबाच्या टाकीत पिस्टनच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला तेल. चालतं इंजिन ती भरतं. बंद करण्यापूर्वी व्हॉल्व्ह मिटायचा, सुरू करण्यापूर्वी उघडायचा. हाती चालणाऱ्या व्हॉल्व्हला वीज लागत नाही. पण तेल एकदाच मिळतं, आणि व्हॉल्व्ह मिटायला विसरलात तर तेही नाही. लाटांत बोट कलून इंजिनाच्या पंपाने तेलाऐवजी हवा ओढली, तर मात्र हीच टाकी दाब सावरते.

फार काळ उभ्या राहणाऱ्या डिझेल बोटीला मी पंपच लावीन.