गॅरेजच्या दाराची उंची वाढवून घेताना झालेली फसवणूक

नेरुळमधल्या आमच्या रो-हाउसच्या गॅरेजला आधीच्या मालकांनी मोटरवर चालणारे दार बसवलेले आहे. दुकानाच्या शटरसारखे ते गुंडाळले जात नाही. त्याचे चार आडवे भाग बाजूच्या रुळांतून वर सरकतात आणि छताखाली आडवे होतात. छत साडेदहा फुटांवर असूनही दार सव्वासात फुटांवरच आडवे होत असल्यामुळे नव्या गाडीची डिकी उघडली की ती दाराला आपटत असे. वरची तीन फूट जागा वाया जात होती, ती वापरता यावी एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती चुकीची नव्हती. रूळ उंच नेऊन दार छतालगत आडवे करण्याची पद्धत जुनी आणि रूढ आहे.

परिसरातल्या एका गटावर आलेल्या क्रमांकावरून मी ज्याला बोलावले, त्याने टेपने मापे घेतली आणि म्हणाला, "काका, दोन फूट वाढवून देतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आत येण्याची उंचीसुद्धा वाढेल." खरे तर मी तिथेच सावध व्हायला हवे होते. रूळ कितीही वर नेले तरी दाराची चौकट आणि तिच्यावरची लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, आहे तिथेच राहते. वाढते ती फक्त आतली मोकळी जागा. ज्याला हे ठाऊक नाही त्याला काम येत नाही, आणि ठाऊक असूनही जो उलटे सांगतो त्याचा हेतू वेगळा असतो.

त्याने लेटरपॅडवर लिहून दिलेला हिशेब असा होता: रूळ १४,००० रुपये, नवे ड्रम (दार उचलणारी केबल ज्यांच्यावर गुंडाळली जाते ती चाके) ९,०००, पिळाच्या जोरावर दाराचे वजन तोलणाऱ्या दोन नव्या स्प्रिंग १२,०००, केबल ३,००० आणि मजुरी ८,०००. भिंतीवर बसणारी वेगळी मोटर घ्यावी लागते, हे माझ्या वाचनात आले होते. परंतु "जुनीच चालवून देतो" असे त्याने म्हटल्यावर खर्च वाचतो म्हणून मी गप्प बसलो. हा दोष माझा. ३०,००० रुपये आगाऊ दिले, तेही यूपीआयने एका तिसऱ्याच नावाच्या खात्यावर. जीएसटीचे बिल मागितले तेव्हा "अठरा टक्के जास्त पडतील" हे ठरलेले उत्तर मिळाले. काम झाले त्या दुपारी मी कचेरीत होतो. संध्याकाळी दार छतालगत सरकताना पाहिले, डिकी पूर्ण उघडली आणि उरलेले १६,००० रुपयेही मी आनंदाने देऊन टाकले.

तीन आठवड्यांनी, जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात, दार अर्धे उघडलेले असताना वीज गेली. दार मोटरपासून सोडवून हाताने चालवता यावे म्हणून मी मोटरची लाल दोरी ओढली आणि दार धाडकन खाली आले. खाली ठेवलेली प्लॅस्टिकची बादली चेपली. क्षणभरापूर्वी माझी पत्नी तिथूनच आत आली होती. दार शक्यतो बंद असतानाच ही दोरी ओढावी, हे मान्य आहे. पण ज्या दाराचे वजन नीट तोललेले असते ते असे कोसळत नाही, मध्यावर सोडले तरी जागच्या जागी थांबते.

तुर्भे एमआयडीसीत काम करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने शिडी लावून वर पाहिले तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. ड्रम जुनेच होते. त्यांच्यावर साच्यातून उमटलेला ४००-९६ हा आकडा नेहमीच्या, म्हणजे आठ फूट उंचीपर्यंतच्या साध्या दाराच्या ड्रमवर असतो, आणि उंच नेलेल्या रुळांसाठीचा ड्रम ४००-५४ असा येतो. फरक केवळ आकड्यांचा नाही. साध्या रचनेत दार वर जाऊ लागताच त्याचा एकेक भाग आडव्या रुळावर विसावतो, केबलवरचे वजन घटत जाते आणि त्याच प्रमाणात स्प्रिंगचा पीळही उलगडतो. रूळ दोन फूट उंच केले की पहिली दोन फुटे पूर्ण वजन केबललाच लोंबकळत राहते, स्प्रिंगचा जोर मात्र कमी होत जातो. म्हणून निमुळता ड्रम आणि त्याला जुळणारी वेगळी स्प्रिंग लागते, आणि ती निवडण्यासाठी आधी दाराचे वजन माहीत असावे लागते. आमचे दार त्या माणसाने तोललेच नव्हते. कारागिराने स्प्रिंगचा ताण काढून दाराखाली साधा वजनकाटा ठेवला, तेव्हा ६८ किलो भरले. मध्यावर स्प्रिंग सुमारे वीस किलोंनी कमी पडत होती. इतके दिवस ते वजन मोटर ओढत होती, म्हणून कुणाला कळले नाही.

"नव्या" स्प्रिंगवर चंदेरी रंग फवारलेला होता. नखाने खरवडताच खाली खाडीकाठच्या हवेने धरलेला गंज दिसला. केबल लांब हवी होती, तिथे जुन्याच केबलला खालच्या टोकाशी तुकडा क्लॅम्पने जोडलेला होता. मोटरच्या दांड्यालाही अँगलचा तुकडा वेल्ड करून लांबी वाढवली होती. ४६,००० रुपयांत नवे म्हणून आले ते फक्त रूळ. त्या कारागिराने एक गोष्ट निक्षून बजावली: राग आला म्हणून स्वतः पाना घेऊन वर चढू नका, पिळलेली स्प्रिंग आणि दाराच्या तळाची केबल अडकवलेली ब्रॅकेट ताण असताना सुटली तर हात निकामी होतो.

लेटरपॅडवरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरांचा, दिसायला अगदी खरा होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला आणि रद्द झालेला होता. हे तपासायला दोन मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत, पण मी ते पैसे दिल्यानंतर केले. पोलीस ठाण्यात प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगण्यात आले, तरी लेखी अर्ज देऊन मी त्याची पोच घेतली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे तो अर्जही तयार केला आहे. काम करून गेलेल्या त्या माणसाचा फोन आता लागत नाही. उतरवलेले दोन्ही ड्रम, आकडे दिसतील असे छायाचित्र काढून, रंगवलेल्या स्प्रिंगसह गोणीत बांधून ठेवले आहेत. दार सध्या बंद आहे आणि गाडी बाहेर पावसात उभी आहे.