फिल्म अर्काइव्ह, लॉ कॉलेज रोड: साडेचार स्टार, आणि थोडं आमच्या घरच्या रिळांच्या डब्याबद्दल

पुण्यातच जन्मले, वाढले, तरी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये (जुने पिक्चर जपून ठेवणारी सरकारी संस्था) पाय टाकला तो थेट चाळिशीत. रिक्षावाल्याला एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी फिल्म इन्स्टिट्यूट, सांगा, डोळे मिटून नेईल, अर्काइव्ह म्हटलं की "ते काय, लायब्ररी का?" तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आणि मुख्य म्हणजे "आता सगळं डिजिटल झालं, रिळं कशाला सांभाळायची" असं म्हणणाऱ्या माझ्या चुलतभावासाठी हा रिव्ह्यू.

आधी थिएटर. बरेच शो फुकट असतात, येईल त्याला जागा, म्हणून अर्धा तास आधी जा, आणि चारचाकी नेऊ नका, त्या रोडला पार्किंग शोधता शोधता टायटल्स निघून जातात. मी पाहिला फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झालीये त्यांचीच मुलगी मंदाकिनी, आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती पोरगी कॅमेऱ्यासमोर नुसती तोंडं करून दाखवते, हसते काय, रुसते काय. माझ्या शेजारच्या आजी चक्क "अगं बाई" म्हणून तिच्याशी बोलायला लागल्या. पडद्यावर ओरखडे होते, मधूनच चित्र उडत होतं, आणि खरं सांगू, मला ते चाललं. हल्ली काही जुने पिक्चर इतके घासूनपुसून काढतात की फिल्मचा दाणाच (ती बारीक रवाळ कणी) जातो आणि चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

हे रीळ आज बघायला मिळतं ते पी. के. नायरांमुळे. अर्काइव्ह सुरू झालं १९६४ ला, नायर पुढच्या वर्षी आले आणि १९९१ ला रिटायर होईपर्यंत देशभर रिळांचे डबे गोळा करत राहिले, फाळक्यांच्या घरच्यांकडूनही आणले. त्यांनी जे वाचवलं त्यापेक्षा जे आधीच गेलं होतं ते कितीतरी जास्त. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, त्याची एकही प्रिंट आज नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेट नावाच्या प्लास्टिकची, भडका उडाला की पाण्याखालीसुद्धा विझत नाही, आणि पिक्चर जुना झाला की त्यातली चांदी काढायला रिळं विकून टाकायचे. बरं, सांभाळलेलं तरी राहतं का, जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातल्या जुन्या व्हॉल्टला आग लागली आणि तिथली नायट्रेटची रिळं गेली. पुण्यात, एवढं सगळं माहीत असताना.

आता आमचं घरचं. आप्पांकडे, म्हणजे आमच्या आजोबांकडे, आठ एमएमचा कॅमेरा होता. लग्नं, मुंजी, कोयनेची ट्रिप, एकेक रीळ तीन-चार मिनिटांचं. पंधराएक वर्षांपूर्वी काकांनी ती एका दुकानात नेली (नाव घेत नाही), त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावून समोरून हँडीकॅमने शूट केलं, डीव्हीडी हातात दिली, वर म्हणाला, "आता टाकून द्या रिळं, काम झालं." काकांनी ऐकलं आणि चार राहिली ती केवळ आईच्या माळ्यावर होती म्हणून, बाकीची भंगारात. मागच्या दिवाळीत डीव्हीडी काढली तर अर्ध्या रेसिपीसारखी, मध्येच अडकते, आणि मुळात घरात ती चालवायला मशीन कुणाकडे आहे? लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. शेवटी शेजाऱ्यांचा माळ्यावरचा प्लेअर आणला तेव्हा आप्पा दिसले, तेही अकरा सेकंद, मग चौकोन चौकोन.

म्हणून अर्काइव्हवाले लोक हे कसं करतात त्याच्या मागे लागले, आणि जे कळलं त्यावरच माझे साडेचार स्टार आहेत. पहिली गोष्ट म्हणजे स्कॅन झाला म्हणून कुणी रीळ फेकत नाही. फिल्म थंड आणि कोरड्या व्हॉल्टमध्ये राहते, रंगीतला जास्त थंडी लागते कारण रंग लवकर उडतात. अ‍ॅसिटेटच्या (म्हणजे नायट्रेटनंतर आलेल्या) फिल्मला उकाडा आणि दमट हवा लागली की व्हिनेगरचा वास सुटतो, फिल्म आखडते, आणि एका डब्याचं दुसऱ्याला लागतं, अगदी लोणच्याच्या बुरशीसारखं.

दुसरी गोष्ट साइजची. फोर-केला, म्हणजे खूप बारीक तपशिलात स्कॅन केलं की, एकेक फ्रेम वेगळी फाइल होते, साधारण ५० एमबीची. सेकंदाला २४ फ्रेम, अडीच तासाचा पिक्चर म्हणजे २,१६,००० फ्रेम, म्हणजे जवळपास ११ टीबी, एका पिक्चरचे! हे पेनड्राइव्हवर मावत नाही हे सोडाच, बिनवापराच्या हार्ड डिस्कवर पण भरवसा ठेवत नाहीत, मोठ्या अर्काइव्हमध्ये त्यासाठी एलटीओ नावाची टेप वापरतात. हो, टेपच, कॅसेटसारखी. आठव्या पिढीच्या टेपवर १२ टीबी मावतात, म्हणजे एका टेपला एक पिक्चर, आणि एक कॉपी ठेवून झोपायचं नाही, दोन-तीन, त्यातली एक दुसऱ्या जागी, शक्यतो दुसऱ्या गावी.

आणि गंमत पुढेच आहे. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सातव्या पिढीची टेप वाचतो, सहाव्याची वाचत नाही. म्हणजे टेप ठणठणीत आणि मशीन तिला ओळखत नाही, आमच्या डीव्हीडीचंच मोठं रूप. त्यामुळे दर काही वर्षांनी सगळा माल जुन्या टेपवरून नव्यावर उतरवायचा, कायमचा. शिवाय प्रत्येक फाइलचा एक आकडा काढून ठेवतात, चेकसम म्हणतात त्याला, मधूनमधून तो परत काढून जुळवून बघायचा, एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा बदलतो आणि मग दुसऱ्या कॉपीवरून दुरुस्ती. वाळवणासारखं आहे हे, घालून विसरलात तर संपलं.

याला पैसा लागतो तो दरवर्षीचा, स्कॅनिंगपुरता नाही. अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकादमीने २००७ साली हिशोब काढला होता, एका पिक्चरची मूळ फिल्म सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर आणि फोर-के डिजिटल मास्टर सांभाळायला १२,५१४. आकडे जुने आहेत, टेप तेव्हापासून स्वस्त झाल्या, पण चुलतभावाने जरा बसून वाचावेत. आपल्याकडे मे २०२२ मध्ये सरकारने २,२०० पिक्चरच्या रिस्टोरेशनसाठी ३६३ कोटी जाहीर केले, छानच, मला फक्त त्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या टेप बदलायचे पैसे कुठल्या खात्यात धरलेत ते कुणीतरी सांगा. त्याच वर्षी मार्चमध्ये अर्काइव्ह एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, म्हणजे पिक्चर बनवणारं आणि पिक्चर जपणारं आता एकाच छपराखाली. बनवण्याला उद्घाटन असतं, जपण्याला नसतं, म्हणून मला धाकधूक आहे.

अर्धा स्टार कापला तो घरबसल्या बघण्यावरून. लोकांना वाटतं अर्काइव्हमध्ये आहे म्हणजे उद्या ऑनलाइन टाकतील, पण प्रिंट त्यांच्याकडे असली तरी हक्क निर्मात्याचे, प्रदर्शनानंतर ६० वर्षं. त्यात दोष त्यांचा नाही हे मान्य. पण ज्यांचे हक्क कधीच संपलेत, मूकपट, १९३० च्या दशकातले बोलपट, ते तरी चांगल्या स्कॅनमध्ये सगळे एका जागी बसल्या बसल्या बघायला मिळावेत ना, नाहीतर यूट्यूबवर कुणीतरी वर लोगो चिकटवून टाकलेली धुरकट कॉपी बघायची. बाहेरगावच्या माणसाने काय लॉ कॉलेज रोडला खोली घ्यायची?

राहिलेली चार रिळं मी नीट फ्रेम-बाय-फ्रेम स्कॅन करून घेतली, कॉपी दोन डिस्कवर, एक डिस्क बहिणीकडे नागपूरला, मोबाइलवर दर १ जानेवारीची आठवण लावलीये दोन्ही उघडून बघायची. एका रिळाला तो आंबट वास आहेच. रिळं हवाबंद पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत (काढली तर लगेच उघडायची नाहीत, बाहेर खोलीइतकी उबदार होऊ द्यायची, नाहीतर पाणी सुटतं). आईने पिशवीवर मार्करने मोठ्ठं लिहिलंय, "आप्पा. कढीपत्ता नाही."