कारखान्यात येणारी फिरती आरोग्यतपासणी: यकृत मोजले, सॉल्व्हंट मोजायचे राहिले

आमच्या कारखान्यात कापडावर पॉलियुरेथेनचा लेप देऊन कृत्रिम चामडे तयार होते आणि त्यासाठी डायमिथाइलफॉर्मामाइड हे यकृताला बाधणारे सॉल्व्हंट (द्रावक), म्हणजे आमच्या बोलण्यातले डीएमएफ, रोज पिंपांनी लागते. कामगारांच्या वार्षिक तपासणीसाठी गेली दोन वर्षे आम्ही एका खासगी संस्थेची फिरती गाडी बोलावत आहोत. संस्थेचे नाव येथे देत नाही.

व्यवस्थेबाबत तक्रारीला जागा नाही. गाडी सकाळी सातच्या ठोक्याला फाटकावर उभी असते, रक्त काढणाऱ्या ताईंचा हात हलका आहे आणि चौथ्या दिवशी प्रत्येकाच्या हाती मराठीत छापलेला अहवाल पडतो. माणशी 900 रुपयांत एवढे मिळते, हे मान्य केलेच पाहिजे.

अडचण अहवाल वाचताना सुरू होते. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या दोन एन्झाइम्सपैकी कोटिंग मशीनवरच्या आमच्या एका मामांचा एसजीओटी 58 आणि एसजीपीटी 112, म्हणजे दोन्ही वाढलेले आले, आणि त्याखाली ‘मद्यपान टाळावे’ असा शेरा छापून आला. मामा माळकरी आहेत. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. वास्तविक दारूने बिघडलेल्या यकृतात एसजीओटी बहुधा एसजीपीटीपेक्षा जास्त, अनेकदा दुपटीच्या घरात असतो, तर डीएमएफच्या बाधेत एसजीपीटी वरचढ दिसतो. हाच नमुना अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका कापड-लेपन कारखान्यात आढळला होता. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या 58 कामगारांपैकी 36 जणांची यकृताची एन्झाइम्स वाढलेली होती आणि त्यांतील 35 जण प्रत्यक्ष उत्पादनावर काम करणारे होते. चरबीयुक्त यकृत किंवा विषाणूजन्य कावीळ यांतही एसजीपीटी वाढू शकतो, त्यामुळे एका आकड्यावरून निदान करता येत नाही. पण मग दारूचा ठपका तरी कशाच्या आधारावर ठेवला?

तपासणीच्या अर्जात ‘दारू घेता का, हो किंवा नाही’ एवढाच प्रश्न आहे. घेतल्यावर काय होते, हे कोणी विचारत नाही. डीएमएफ शरीरात गेलेल्या माणसाला थोड्या दारूनेही चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे असा त्रास होतो, आणि कित्येकदा तीच पहिली खूण असते. मिक्सिंगवरच्या एका तरुणाने ‘हल्ली अर्धी बिअरसुद्धा सोसत नाही’ असे मला चहा पिताना सहज सांगितले. अर्जात त्याच्यापुढे फक्त ‘हो’ आहे.

दुसरी उणीव वेळेची. गाडी सोमवारी सकाळी येते, म्हणजे रविवारच्या सुट्टीनंतर. यकृताच्या एन्झाइम्ससाठी ते चालते. अंगात डीएमएफ किती गेले हे पाहायचे असेल, तर डीएमएफपासून शरीरात तयार होणारे एन-मिथाइलफॉर्मामाइड लघवीत, कामाची पाळी संपताच, तपासावे लागते, कारण ते लवकर निघून जाते. ही चाचणी पॅकेजमध्ये नव्हती आणि ती सुचवावी असे कोणाला वाटलेही नाही. हवेतील मोजमाप पुरेसे ठरत नाही, कारण हे द्रव कातडीतूनही शिरते. सुती हातमोजे घालून भांडी पुसणाऱ्याला नाकावरचा मास्क कितपत वाचवणार?

त्यात एक चूक आमचीच होती. मिक्सरची भांडी पुसणारे 11 जण ठेकेदाराचे, म्हणून आम्ही दिलेल्या यादीत त्यांची नावेच नव्हती. संस्थेनेही ‘डीएमएफ हाताळणारे सगळे यात आले का’ असे विचारले नाही.

लेखी कळवल्यावर संस्थेच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला, शेरा मागे घेतला आणि लघवीची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून, वेगळे पैसे आकारून, करून देण्याचे मान्य केले. मामांना सहा आठवडे पॅकिंगला बसवून फेरतपासणी केली, तेव्हा एसजीपीटी 47 वर आला होता. पुढची फेरी आम्ही गुरुवारी, दुपारची पाळी सुटण्याच्या वेळी ठेवली आहे, आणि यादीत ठेकेदाराची 11 माणसे सर्वांत वर लिहिली आहेत.