चेकपॅच: कोडपेक्षा कमिट मेसेजसाठी जास्त कामाची

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात चेकपॅच ही पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) तपासणारी पर्ल स्क्रिप्ट आयती मिळते. बहुतेक जण तिला टॅब आणि स्पेस मोजणारी कडक मास्तरीण समजतात. ती आहेच तशी, पण तिची खरी किंमत कळते ती पॅचच्या वरच्या भागात, कमिट मेसेज (नोंदवलेल्या बदलाचं वर्णन) तपासताना.

साइन्ड-ऑफ-बाय (पॅच पाठवणाऱ्याची सहीची ओळ) नसेल तर थेट एरर. ओळ 75 अक्षरांपुढे गेली की वॉर्निंग. जुन्या कमिटचा उल्लेख करताना हॅशची (कमिटच्या ओळखीच्या खुणेची) किमान 12 अक्षरं आणि पुढे कंसात, अवतरणचिन्हांत त्याचं शीर्षक लागतं. गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) कॉन्फिगमध्ये ‘कोअर.अॅब्रेव्ह’, म्हणजे हॅश किती अक्षरांत दाखवायचा ते सेटिंग, 12 करून ठेवा, निम्मी कटकट मिटते. गेरिट या कोड रिव्ह्यू टूलचा चेंज-आयडी काढायचा राहिला तर तोही पकडते. सगळ्यात मोलाचा इशारा म्हणजे मेसेजमध्ये डिफचा (बदललेल्या ओळींच्या यादीचा) तुकडा चिकटवू नका. तो चार स्पेस आत सरकवला तरी पॅच लावणारं टूल त्यालाच खरा डिफ समजू शकतं, आणि मग पॅच लागत नाही.

ही स्क्रिप्ट प्री-कमिट हुकमध्ये (कमिट होण्याआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) अडकवणं ही नेहमीची चूक. त्या क्षणी मेसेज लिहिलेलाच नसतो, त्यामुळे वरची एकही तपासणी होत नाही. शिवाय नुसत्या वॉर्निंगवरही एक्झिट कोड 1 (अपयशाची खूण) येतो आणि कमिट अडतं.

हाच एक्झिट कोड रिबेसमध्ये (कमिटं एकेक करून पुन्हा लावताना) मात्र कामी येतो. ‘गिट रिबेस’ला ‘-एक्स’ पर्याय देऊन पुढे ‘चेकपॅच -जी हेड’ लिहा. प्रत्येक कमिटनंतर तपासणी होते, खोट दिसली की रिबेस तिथेच थांबतो. अमेंड करा (ते कमिट दुरुस्त करा), कंटिन्यू म्हणा. सोबत ‘रीशेड्यूल-फेल्ड-एक्झेक’ हवंच, नाहीतर दुरुस्त केलेलं कमिट परत न तपासता गाडी पुढे जाते.

आता तक्रारी. नवी फाइल जोडली की ‘मेंटेनर्स (कोणता भाग कोण सांभाळतं त्याची फाइल) बदलायला हवी का?’ हा प्रश्न ठरलेला. मेंटेनर्समधली जुनी नोंद ते फोल्डर कव्हर करत असली तरीही. ‘इग्नोर’ला ‘फाइल_पाथ_चेंजेस’ देऊन गप्प करता येतं. नेटवर्किंग आणि स्टेजिंगच्या (अजून कच्च्या ड्रायव्हर्सचा भाग) फाइलींवर ‘स्ट्रिक्ट’ (जास्त कडक तपासणी) न मागता लागू होतं, हे माहीत नसेल तर आउटपुट बघून गोंधळ उडतो. 2020 पासून कोडच्या ओळीची मर्यादा 80 वरून 100 झाली, पण कोडिंग स्टाइलचा दस्तऐवज अजून 80 च पसंत करतो. स्क्रिप्ट गप्प राहिली म्हणून रिव्ह्यूअर गप्प राहील असं नाही. ‘फिक्स’ पर्याय मूळ पॅचला हात लावत नाही, नावात ‘एक्सपेरिमेंटल’ असलेली वेगळी फाइल काढतो. ते नाव गंभीरपणे घ्या, दोन्हींचा डिफ बघूनच उचला.