यकृतातील साधी गाठ: लक्ष ठेवावे की काढून घ्यावी?

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा आमवाताची औषधे सुरू असताना सोनोग्राफीत ‘यकृतात गाठ’ असा शेरा आला, की कोल्हापुरातल्या घरात पहिला विचार पुण्या-मुंबईला जाऊन ती काढून घेण्याचा होतो. माझ्या मते खर्च आधी चांगल्या एमआरआयवर करावा.

हिमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ सर्वांत अधिक आढळते आणि त्रास देत नसेल तर तिला हात लावण्याचे कारण नसते. खरी निवड एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, यकृतपेशींची निरुपद्रवी वाढ) आणि अ‍ॅडिनोमा (यकृतपेशींचीच साधी, पण कधी धोका देणारी गाठ) यांच्यात करावी लागते. दोन्ही गाठी, ल्युपसप्रमाणेच, प्रामुख्याने तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांत आढळतात आणि सोनोग्राफीत सारख्या दिसू शकतात. एफएनएचचे कर्करोगात रूपांतर होत नाही, त्यामुळे निदान पक्के झाल्यावर शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. अ‍ॅडिनोमाचा संबंध इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांशी आहे. ती 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास रक्तस्रावाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो. स्त्रियांत बहुधा गोळ्या बंद करून, वजन आटोक्यात आणून सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. पुरुषांत मात्र आकार कितीही असला तरी ती काढण्याचा सल्ला दिला जातो. या दोन गाठी एमआरआयमध्ये वेगळ्या ओळखता येतात: यकृतपेशींत शिरणारे कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) एफएनएच उशिराच्या चित्रांत धरून ठेवते, बहुतेक अ‍ॅडिनोमा धरत नाहीत. ल्युपसने मूत्रपिंडाला इजा झाली असेल, तर कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट दाखवावा.

ऑटोइम्यून हेपटायटिसमुळे (प्रतिकारशक्तीनेच केलेल्या यकृतदाहामुळे) सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचे कडक होणे, झाला असेल, तर हा सारा हिशेब बदलतो: तिथे 1 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी नवी गाठ साधी मानून स्वस्थ बसू नये, कर्करोगाची तपासणी लगेच करावी. अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेणाऱ्यांत किंवा आमवात, ल्युपस असलेल्यांत यकृतभर बारीक गाठी उठणे, म्हणजे नोड्युलर रिजनरेटिव्ह हायपरप्लेझिया, हे आणखी वेगळे प्रकरण आहे. त्यात काढण्याजोगी एक गाठ नसतेच, तर प्लीहा वाढणे, प्लेटलेट घटणे यांवर लक्ष ठेवून औषध बदलावे का, हे ठरवायचे असते.

कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा खासगी रुग्णालय, संधिवाततज्ज्ञांच्या औषधांची पूर्ण यादी, गर्भनिरोधक गोळ्यांसह, केसपेपरला जोडावी, आणि गाठीच्या भीतीने स्टिरॉइड स्वतःहून एकदम थांबवू नये.