डी अँड डी: २०१४ चे जुने रूल्स चालू ठेवू की २०२४ वर उडी मारू?

गणपतीत चाकरमानी गावी आले की आमच्याकडे माजघरात मेंढीकोट आणि पडवीत डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) असं एकदमच चालू असतं, आणि भांडण दोन्हीकडे सेम, "तुमच्याकडे कसं खेळतात ते नको सांगू, हितं कसं खेळतात ते बघ". गेल्या खेपेला मुंबईचा आतेभाऊ २०२४ चं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नव्या रूल्सचं पुस्तक, घेऊन आला, ३८४ पानांचं धूड, आणि आमचं कॅम्पेन (बरेच दिवस चालणारी एकच लांब गोष्ट) २०१४ च्या रूल्सवर चाललेलं, गलबतं, चाचे, खाडीतले राक्षस असा मामला. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि पंच, मीच, त्यामुळे निवाडा पण माझ्याच गळ्यात. दोन्ही खेळून बघितलं, तर ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी पैशाचं, कारण तिथेच बरेच जण अडकतात. पुस्तकं महाग आहेत पण अडत काही नाही, दोन्हीचे मूळ रूल्स फुकट मिळतात. २०१४ वाल्यांचं एसआरडी (मूळ रूल्सची फुकट पीडीएफ) ५.१ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आलं आणि नव्याचं ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. सगळे सबक्लास (विझार्ड, फायटर अशा पेशांच्या उपशाखा) वगैरे त्यात नाहीत, पण पीडीएफ उतरवून ठेवा, रेंज गेली तरी खेळ चालू.

आता खरा फरक. कॅरॅक्टर बनवताना जुन्यात स्कोअरचे (ताकद, चपळाई, बुद्धी वगैरेच्या आकड्यांचे) वाढीव पॉईंट रेसमधून (माणूस, एल्फ असा वंश) यायचे, नव्यात रेसला स्पीशीज म्हणतात आणि पॉईंट बॅकग्राउंडमधून (कॅरॅक्टरचा आधीचा धंदा) येतात, वर पहिल्या लेव्हललाच एक फीट (खास कौशल्य) मिळतं. ऐकायला मस्त, पण आमच्या विझार्डवालीला (जादूगार खेळणारी) दर्यावर्दी पाहिजे होता, आजोबांची होडी होती म्हणून हौस, आणि नव्या पुस्तकातला सेलर फक्त स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी किंवा विझडम वाढवतो. विझार्डला लागते इंटेलिजन्स! म्हणजे डीएमने सूट दिली नाही तर बिचारीने समुद्र सोडून बसायचं. जुन्यात हाय एल्फ घेतला की इंटेलिजन्सला +१ मिळतो आणि बॅकग्राउंड काय वाटेल ते घ्या. हाफ-एल्फ तर नव्या हँडबुकात नाहीच, जुन्यातून आणता येतो, फक्त त्याचे स्कोअरचे पॉईंट सोडून द्यायचे, ते बॅकग्राउंडचेच धरायचे.

हत्यारांत मात्र नवं एक नंबर. जुन्या पुस्तकातला त्रिशूळ म्हणजे चेष्टाच होती, मार भाल्याएवढाच, १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), वर वजन जास्त, किंमत पाचपट आणि वापरायला मार्शल (लढवय्यांचं) ट्रेनिंग पाहिजे. मग घेणार कोण? नव्यात १डी८ झाला आणि मास्टरी (त्या हत्यारातलं खास कसब) असलेल्याच्या हातात असेल तर लागल्यावर समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (दणकटपणावर वाचायचा फासा), चुकला की आडवा. आमचा फायटर पहिल्याच लढाईत चाच्यांना डेकवर पटापट पाडत सुटला. आता याची दुसरी बाजू, दोन अटॅक म्हणजे दोन सेव्ह, सहा माणसं टेबलावर असली की टर्न लांबतो, तोवर माजघरात मेंढीकोटाचा एक डाव होऊन जातो.

उलट ड्रुइडचं (निसर्गाची जादू करणारा) बघा. जुनं कॉन्ज्युअर अ‍ॅनिमल्स हा मंत्र म्हणजे आठ लांडगे, त्यांना पॅक टॅक्टिक्समुळे (कळपाने हल्ला) अ‍ॅडव्हान्टेज, दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा, म्हणजे एका फेरीत सोळा वेळा डी ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, आणि आमच्याकडे हे झालं ते लाईट गेलेली असताना, मोबाईलच्या टॉर्चवर, एक फासा पाटाखाली गेला तो आरतीच्या वेळी सापडला. नव्यात ते लांडगे गेले, एकच भुताळी कळप फिरतो आणि जवळच्यांना सेव्ह द्यायला लावतो. चार्म गेला हे खरंय, पण मी हात जोडले.

समुद्रावरचं कॅम्पेन असेल तर दमण्याचा आणि बुडण्याचा रूल नीट बघा, माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. श्वास दोन्हीकडे १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (स्कोअरवरून निघणारा +१, +२ असा आकडा) इतकी मिनिटं धरता येतो. तो संपला की जुन्यात मॉडिफायरएवढे राउंड, कमीत कमी एक, आणि मग थेट शून्य हिट पॉईंट (जीव). आमचा रोग (Rogue, चोर क्लासवाला) नांगराच्या दोरात अडकला होता, मॉडिफायर +१, एक राउंड आणि खेळ खल्लास, बाकीचे बघत बसले. तोच प्रसंग नंतर नव्या रूलने करून बघितला, प्रत्येक टर्नच्या शेवटी दमण्याची एक लेव्हल, दर लेव्हलला सगळ्या डी ट्वेंटीवर −२, सहाव्याला मेला. दोर सोडवायचा पहिला चेक −२ ने, मग −४, मग −६, पडवीत कोणी हलेना, सोलकढीचे ग्लास तसेच. तिसऱ्याला सुटला, आणि वर आल्यावर गुदमरून चढलेल्या लेव्हल उतरतातही. जुन्यातला दमण्याचा सहा पायऱ्यांचा तक्ता दर वेळी शोधावा लागतो, त्यामुळे बाकी सगळं २०१४ ठेवलंत तरी हा एक तुकडा नव्यातून उचलाच.

अचानक हल्ला मात्र जुनाच बरा. नव्यात बेसावध माणसाला फक्त इनिशिएटिव्हला (कोण आधी खेळणार त्याचा फासा) डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो, जुन्यात त्याचा पहिला टर्नच जातो. धुक्यातून गलबत अंगावर आलं की पोटात गोळा यायला हवा ना.

मग घ्यायचं काय? कॅम्पेन अर्ध्यावर असेल तर मोडू नका, शीट जुनीच ठेवा, दमणं नि पाण्यात बुडणं नव्यातलं घ्या, पोशन (औषधाची कुपी) पिणं बोनस अ‍ॅक्शनमध्ये द्या. नवीन पोरं जमवून पहिल्यापासून सुरू करताय तर सरळ २०२४, कारण सगळ्यांचे सबक्लास तिसऱ्या लेव्हललाच येतात, शिकवायला सोपं. फक्त "ज्याला जे आवडेल ते" असं करू नका. आम्ही केलं, एकाचं क्युअर वूंड्स (जखम भरायचा मंत्र) १डी८ आणि दुसऱ्याचं २डी८, दोघं सख्खे भाऊ, पुढचं सांगत नाही.

आता आमचे अपवाद एका पानावर लिहून कॅलेंडरशेजारी डकवलेत. पॅलाडिनवाल्याने (धर्मयोद्धा खेळणारा) अजून सही केलेली नाही. जुन्यात तो एका टर्नमध्ये दोन्ही अटॅकवर स्माईट (दैवी जादा मार) लावायचा, नव्यात ती बोनस अ‍ॅक्शनची स्पेल झाल्यामुळे टर्नला एकदाच लागते, आणि ती नवी ओळ मीच पानावर घुसडली, त्याने आमचा क्रॅकन (समुद्री राक्षस) पहिल्याच फेरीत अर्धा केला त्या रात्री.